लेबल आणि लाईट: कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेतली सुरक्षा, एकेक पायरी

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवते. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. बीएस्सीच्या प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या, एप्रिलचं ऊन तापलेलं होतं. टू नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण जास्त झालं आणि काचेची रिकामी बाटली हाताशी नव्हती, म्हणून ते पिण्याच्या पाण्याच्या एक लिटरच्या प्लास्टिक बाटलीत भरलं. मीच भरलं. ‘उद्या लेबल लावू’ म्हणून बेंचखाली ठेवलं. संध्याकाळी आवराआवर करायला आलेल्या आमच्या शिपाईकाकांनी ती बाटली उघडून सरळ तोंडाला लावली. लगेच थुंकले, चुळा भरल्या, आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. घोट पोटात गेला नव्हता, पण ओठ, जीभ आणि गालांची आतली कातडी पांढरी पडून सोलून निघाली. दहा दिवस ते थंड दुधावर होते.

त्या दिवसापासून मी लेबलकडे वेगळ्या नजरेनं बघते. द्रावण बनवणाऱ्याला बाटलीत काय आहे ते ठाऊकच असतं. लेबल असतं ते नंतर येणाऱ्यासाठी: संध्याकाळचे काका, भांडी धुणाऱ्या मावशी, पुढच्या बॅचची मुलं, सुट्टीनंतर आलेली नवी मॅडम. विजेचंही तसंच आहे. कोणता खटका कशाचा, कोणतं यंत्र बिघडलंय, रात्रभर काय चालू ठेवलंय, हे तुम्ही तिथे नसताना दुसऱ्याला कळलं पाहिजे. खालच्या पायऱ्या आमच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं करून बघितलेल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशांना पैसे लागत नाहीत.

पायरी १: कंपनीचं लेबल वाचायला शिका

रसायनाच्या नव्या बाटलीवर लाल कडेचे, पांढऱ्या पोटाचे, टोकावर उभे केलेले चौकोन दिसतात. आत काळं चित्र असतं. ही जीएचएस, म्हणजे रसायनांचे धोके सगळीकडे सारख्याच चित्रांनी सांगायची पद्धत. संयुक्त राष्ट्रांनी ती २००३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केली, म्हणजे एका देशातली बाटली दुसऱ्या देशात गेली तरी धोका तोच वाचला जावा. चित्रं एकूण नऊ आहेत. फुटणारा गोळा म्हणजे स्फोटक. ज्वाळा म्हणजे पेट घेणारं. वर्तुळाच्या डोक्यावर ज्वाळा असेल तर ते स्वतः पेटेलच असं नाही, पण दुसऱ्याची आग भडकवतं. पोटॅशियम परमँगनेट, नायट्रेट क्षार, नायट्रिक ॲसिड हे त्यातले. हातावर आणि धातूच्या पट्टीवर थेंब पडतोय ते जाळणारं, गंजवणारं. सिलिंडर म्हणजे दाबाखालचा वायू. वाळकं झाड आणि मेलेला मासा म्हणजे पाण्यातल्या जीवांना घातक.

उरलेल्या तिघांत गल्लत होते. कवटी आपण डीपीवर, खांबावर ‘धोका’ म्हणून पाहिलेली असते, त्यामुळे मुलांना वाटतं कवटी म्हणजे कसलाही मोठा धोका. रसायनाच्या बाटलीवर तिचा अर्थ नेमका आहे: थोड्या मात्रेत, लगेच विषबाधा. माणसाच्या छातीवर चांदणीसारखा तडा दिसतो ते चित्र हळूहळू होणाऱ्या इजेचं: कर्करोग, दमा, गर्भावर परिणाम, यकृत-मूत्रपिंडाचं नुकसान. आज काही होत नाही म्हणून माणूस बेफिकीर राहतो, आणि तोच खरा घात. उद्गारचिन्ह सौम्य धोक्याचं: खाज, चुरचुर, गुंगी.

हे पाठ करून घेण्यापेक्षा एक बाटली हातात द्या. पोटॅशियम डायक्रोमेटची. मोहर सॉल्ट या लोहाच्या क्षाराबरोबरचं टायट्रेशन (थेंबाथेंबानं द्रावण घालून तीव्रता मोजणं) बहुतेकांनी कधी ना कधी केलेलं असतं. नारिंगी, देखणे स्फटिक. त्या बाटलीवर नऊपैकी पाच चित्रं आहेत: आग भडकवणारं, कवटी, जाळणारं, छातीवरचा तडा आणि मेलेला मासा. आमच्या पिढीनं हेच द्रावण तोंडानं पिपेटमध्ये, म्हणजे द्रव मोजून घ्यायच्या काचनळीत, ओढलं आहे. पिपेटला रबरी फुगा किंवा पंप लावा. तोंडानं ओढणं कुठल्याच द्रावणासाठी नको, अगदी डिस्टिल्ड वॉटरसाठीही नको, कारण सवय द्रावण बघून बदलत नाही.

चित्रांजवळ एक शब्द असतो, ‘डेंजर’ किंवा ‘वॉर्निंग’. डेंजर जास्त गंभीर. त्याखाली एच आणि पी अक्षरांची वाक्यं. एच म्हणजे धोका काय: दोनशेचे आकडे आग-स्फोटाचे, तीनशेचे शरीराचे, चारशेचे पर्यावरणाचे. पी म्हणजे काळजी काय घ्यायची. सगळे पाठ करायची गरज नाही. एच २२५ (अतिज्वलनशील द्रव व वाफ), एच ३१४ (कातडी आणि डोळे गंभीर जाळतं), एच ३०१ (गिळल्यास विषारी) आणि एच ३५० (कर्करोग होऊ शकतो) हे चार ओळखता आले तरी स्टॉक रूममधल्या बऱ्याच बाटल्या बोलू लागतात.

जुन्या कपाटांत नारिंगी चौकोनाची लेबलंही सापडतील. ती युरोपातली आधीची पद्धत. अशी बाटली दिसली की ती किती जुनी आहे याचा अंदाज आपोआप येतो, आणि जुनेपणा हाच काही रसायनांचा धोका असतो. त्यावर पुढे लिहिते.

अजून एक फसगत. काही ड्रमांवर, गोदामांच्या दारांवर निळा-लाल-पिवळा-पांढरा असा चार खणांचा चौकोन असतो, आत ० ते ४ आकडे. ती अमेरिकेतली, अग्निशमन दलासाठी केलेली पद्धत. तिथे ४ म्हणजे सर्वांत घातक. जीएचएसमध्ये मात्र वर्ग १ सर्वांत घातक आणि आकडा वाढेल तसा धोका कमी. दोन्ही एकाच खोलीत असतील तर भिंतीवर मोठ्या अक्षरांत हा फरक लिहून लावा.

पायरी २: आपण भरलेल्या बाटलीला स्वतःचं लेबल द्या

बहुतेक अपघात कंपनीच्या बाटलीतून होत नाहीत, आपण भरलेल्या बाटलीतून होतात. कंपनीची बाटली आपली ओळख सांगते, रॅकवरची बाटली फक्त ‘डिल. ॲसिड’ (पातळ ॲसिड) म्हणते.

लेबलवर एवढं हवंच: पूर्ण नाव (नुसतं सूत्र नको), तीव्रता, चित्र, ‘धोका’ किंवा ‘सावधान’ हा शब्द, एका वाक्यात काय होतं ते, बनवल्याची तारीख, बनवणाऱ्याचं नाव. नाव इंग्रजीत असलं तरी धोक्याचं वाक्य मराठीत लिहा. आमच्या मावशींना सल्फ्युरिक हा शब्द वाचता येतो, पण ‘कॉरोझिव्ह’ म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ‘कातडी जाळतं, डोळा जातो’ असं लिहिल्यावर विचारावं लागत नाही.

इथे एक मुद्दा मला सगळ्यात जास्त समजवावा लागतो. कंपनीच्या बाटलीवरचं चित्र तसंच्या तसं उतरवून चालत नाही, कारण पातळ केल्यावर धोक्याचा वर्ग बदलतो, आणि तो प्रत्येक रसायनाचा वेगळ्या तीव्रतेला बदलतो. युरोपातलं ठरलेलं वर्गीकरण बघा. सल्फ्युरिक ॲसिड १५ टक्क्यांच्या वर असेल तर जाळणारं. ५ ते १५ टक्क्यांमध्ये ते चुरचुर करणाऱ्या वर्गात येतं. सोडियम हायड्रॉक्साइड मात्र २ टक्क्यांपासूनच जाळणाऱ्या वर्गात जातं आणि अर्धा ते दोन टक्क्यांत चुरचुर करणारं असतं. आता आपल्या रॅकवरची द्रावणं मोजा. टू नॉर्मल सल्फ्युरिक साधारण ९ टक्के भरतं: उद्गारचिन्ह, ‘सावधान’. टू नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड साधारण साडेसात टक्के: जाळणारं चित्र, ‘धोका’. शेजारी शेजारी ठेवलेल्या, सारख्याच नॉर्मलच्या दोन बाटल्या. मुलं ॲसिडला घाबरतात आणि अल्कलीची (सोडियम हायड्रॉक्साइडसारख्या, ॲसिडच्या उलट स्वभावाच्या रसायनाची) बाटली बिनधास्त उचलतात. प्रत्यक्षात उलटं हवं. अल्कली बुळबुळीत लागते, सुरुवातीला फारसं दुखत नाही आणि तोवर आत मुरत जाते. डोळ्यात गेली तर ॲसिडपेक्षा खोल जाते. काकांच्या जिभेनं मला हे शिकवलं. टायट्रेशनचं पॉइंट वन नॉर्मल अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं, त्यामुळे ब्युरेटमधल्या द्रावणाला तेवढं घाबरायला नको. डोळ्यांवर चष्मा मात्र तेव्हाही हवा.

लेबल टिकवायचं कसं, हाही प्रश्न आहे. जेल पेनची शाई एका थेंबात पसरते. मार्कर ॲसिटोननं पुसला जातो. साधी पेन्सिल मात्र ॲसिडलाही दाद देत नाही आणि सॉल्व्हंटलाही नाही. जाड कागदावर गडद पेन्सिलनं लिहा, चिकटवा आणि वरून रुंद पारदर्शक टेप बाटलीभोवती पूर्ण फिरवा. ओतताना लेबल तळहाताकडे ठेवा, म्हणजे तोंडावरून ओघळणारा थेंब लेबलच्या विरुद्ध बाजूनं खाली जातो. एवढी एक सवय लागली की लेबलचं आयुष्य कितीतरी वाढतं.

दोन नियम मी मोडू देत नाही. पाण्याच्या, थंड पेयाच्या, लोणच्याच्या बरणीत रसायन नाही. दहा मिनिटांसाठीही नाही. आणि लेबल नसलेल्या बाटलीचा वास घेऊन, रंग बघून ओळख पटवायची नाही. ती बाजूला काढा, ‘अज्ञात, उघडू नये’ असं लिहा आणि विभागप्रमुखांकडे द्या.

पायरी ३: मांडणी वर्णमालेनं नको, स्वभावानं करा

स्टॉक रजिस्टर वर्णमालेत ठेवा, कपाट नको. इंग्रजी ए अक्षराखाली ॲसेटिक ॲसिड (ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ निर्जल), ॲसिटोन, अमोनिया आणि अमोनियम नायट्रेट एका फळीवर येतात. पेटणारं आणि आग भडकवणारं एकत्र, ॲसिड आणि अल्कली एकत्र. ‘ॲसिडं एका कपाटात’ हेही पुरेसं नाही. ग्लेशियल ॲसेटिक ४० अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ देतं आणि नायट्रिक आग भडकवतं. दोघं ॲसिडं असली तरी शेजार नको. पेटणारी एका कपाटात, आग भडकवणारी दुसऱ्या, ॲसिडं खालच्या फळीवर प्लास्टिक ट्रेमध्ये, अल्कली वेगळी. डोळ्यांच्या उंचीच्या वर कुठलाही जाळणारा द्रव नको.

जुनेपणाचा धोका म्हटलं ते हे. ईथर हवेशी संयोग पावून पेरॉक्साइड बनवतं, ते साठलं की स्फोटक होतं. म्हणून ईथरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायचीच. उघडून सहा महिन्यांपुढे आम्ही ती ठेवत नाही. पिक्रिक ॲसिड ओलं ठेवलेलं असतं, सुकलं की स्फोटक होतं, आणि झाकणाच्या आट्यांत सुकलेले कण घर्षणानेही उडू शकतात. जुन्या कपाटात झाकणाभोवती पिवळी खर धरलेली अशी बाटली दिसली तर ती उघडू नका, हलवू नका. खोली बंद करा, प्राचार्यांना आणि त्यांच्यामार्फत पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकाला कळवा.

टॉलेन्स अभिकर्मक (अल्डिहाइड ओळखायचं, परीक्षानळीत चांदीचा आरसा धरणारं द्रावण) हा तर दर वर्षी डोळ्यांसमोर घडणारा धोका आहे. अमोनियात विरघळलेलं सिल्व्हर नायट्रेट शिळं ठेवलं की त्यात स्फोटक सिल्व्हर संयुग तयार होतं. चकचकीत आरसा दिसला की मुलं परीक्षानळी कौतुकानं रॅकमध्ये ठेवून जातात. टॉलेन्सला लेबल लावून साठवायचं नसतंच. बॅचपुरतं ताजं बनवा आणि तास संपायच्या आत उरलेलं सगळं पातळ नायट्रिक ॲसिड घालून निकामी करा.

टाकाऊ द्रावणाच्या बाटलीलाही लेबल हवं. नायट्रिक ॲसिड आणि सेंद्रिय सॉल्व्हंट एकाच बाटलीत गेले तर वायू सुटून बंद बाटली फुटते. ‘वेस्ट’ एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

पायरी ४: सुरक्षा माहितीपत्रक हाताशी ठेवा

प्रत्येक रसायनाचं सोळा भागांचं माहितीपत्रक कंपनी देते. सगळं वाचायला कुणाला वेळ नसतो. भाग ४ प्रथमोपचार, भाग ५ आग, भाग ७ साठवण, भाग ८ हातमोजे-चष्मा, भाग १० कशाशी जमत नाही; एवढ्या पानांच्या कडेला रंगीत खुणा करा. फाइल कुलपाच्या आत नको, दाराशेजारी टांगलेली हवी. दवाखान्यात जाताना ते पान बरोबर न्या.

भाग ८ किती महत्त्वाचा, ते एका प्रसंगातून कळतं. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्स हातमोज्यावर १९९६ च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले. लेटेक्समधून ते रसायन सहज आरपार जातं हे तेव्हा कुणाला नीट माहीत नव्हतं. जून १९९७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. हातमोजा घातला एवढं पुरत नाही. कोणत्या रसायनाला कोणता हातमोजा, हे बघावं लागतं.

पायरी ५: विजेची तपासणी, अर्थिंगपासून

‘ओव्हनच्या बॉडीला जरा करंट येतो’ हे वाक्य मी इतक्या कॉलेजांत ऐकलंय की त्याची धास्ती वाटते. ‘जरा’ करंट नसतोच. झिणझिण्या आल्या याचा अर्थ फेजची वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे किंवा गळती आहे, आणि अर्थिंग काम करत नाही. आज चपला कोरड्या होत्या म्हणून झिणझिण्यांवर भागलं. उद्या फरशी ओली असेल.

माणसाला सुमारे एक मिलिअँपिअर जाणवतो. दहा-वीस मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. पन्नासच्या पुढे प्रवाह छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. आता बोर्डातली एमसीबी (वायरमधून जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा खटका) बघा, १६ अँपिअरची, म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. माणूस मरेल तरी ती पडणार नाही. तिचं काम वायर वाचवणं आहे. माणसाला वाचवते आरसीसीबी, जिला बरेच जण ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ती सतत ताडून बघते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणार्धात पुरवठा तोडते. तिच्यावरचा आकडा वाचा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअर लिहिलं असेल तर ती आगीसाठी बसवलेली आहे. बेंचच्या सॉकेटना ३० चीच हवी. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर त्याच दिवशी बदला. आणि वारंवार पडते म्हणून कुणी ‘बायपास’ करून देत असेल तर त्याला थांबवा. ती वारंवार पडते याचा अर्थ कुठेतरी गळती आहे, ती शोधायला हवी.

अर्थिंगची तपासणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, पण त्याला काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक हवं. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थ फारच कमी आलं तर अर्थिंग तुटलंय. मात्र मीटरवर आकडा बरोबर दिसला म्हणून अर्थिंग भक्कम आहे असं होत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टरनं खड्ड्याचा रोध मोजायला लावा. आमच्याकडे मार्च ते जून जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. दर आठवड्याला त्यात पाणी टाकणं कुणाचं तरी ठरलेलं काम हवं.

पायरी ६: पिन, वायर आणि भार

थ्री पिनची वरची जाड पिन अर्थची. ती मुद्दाम लांब असते, म्हणजे प्लग घालताना अर्थ आधी जोडलं जातं आणि काढताना शेवटी सुटतं. ती कापून टू पिनमध्ये घुसवणं, किंवा प्लगच नाही म्हणून उघड्या वायरी काडेपेटीच्या काडीनं सॉकेटमध्ये दाबणं, हे जिथे दिसेल तिथे वायर लगेच काढून घ्या. प्लग बसवताना रंग लक्षात ठेवा: जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ, नव्या यंत्रांच्या वायरीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, हिरवा-पिवळा अर्थ.

भाराचं गणित तोंडी होतं. छोटं सॉकेट ६ अँपिअर, म्हणजे २३० गुणिले ६, १३८० वॅट. मोठं १६ अँपिअर, ३६८० वॅट. यंत्रामागच्या पट्टीवरचे वॅट वाचा. १५०० वॅटची हॉट प्लेट छोट्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालत नाही. साडेतीन हजार वॅटच्या मफल फर्नेसला (विजेच्या बंद भट्टीला) स्वतंत्र लाईन हवी, एक्स्टेन्शन बोर्ड कधीच नको. सॉकेट तपकिरी पडलं असेल, प्लग हाताला गरम लागत असेल, मासळीसारखा किंवा जळकट वास येत असेल तर ते सॉकेट बंद करा आणि त्यावर टेप मारा.

यंत्र साफ करताना, वॉटर बाथमध्ये पाणी भरताना खटका बंद करून थांबू नका, प्लगच काढा. खटका चुकून न्यूट्रलवर जोडलेला असला तर तो बंद असतानाही यंत्रात फेज असतो.

बोर्डालाही लेबल द्या. प्रत्येक एमसीबीखाली ‘खिडकीकडचा बेंच’, ‘फ्यूम हूड’, ‘दिवे-पंखे’ असं मराठीत लिहा. मेन स्विच कोणता, ते लाल रंगानं वर्तुळ करून दाखवा, आणि त्याच्यासमोर कपाट, खुर्च्यांची चळत नको. शॉक लागल्यावर काय करायचं याचा तक्ता बोर्डाशेजारी, वाचता येईल अशा मराठीत. बिघडलेल्या यंत्राच्या प्लगला ‘वापरू नये’ ही चिठ्ठी बांधा, तारीख आणि सहीसकट. नुसतं तोंडी सांगितलेलं दुपारच्या बॅचपर्यंत पोचत नाही.

पायरी ७: वाफ आणि ठिणगी एकत्र येऊ देऊ नका

ईथर ३४.६ अंशांना उकळतं. विदर्भात एप्रिल-मे मध्ये खोलीचंच तापमान त्याच्या वर जातं. म्हणून लोक ईथरची बाटली घरगुती फ्रिजमध्ये ठेवतात, आणि हाच सर्वांत वाईट उपाय आहे. फ्रिजच्या आत दिव्याचा खटका आणि थर्मोस्टॅट असतो, दोन्हींत बारीक ठिणगी पडते. झाकणातून झिरपलेली वाफ बंद पेटीत साठते आणि ती ठिणगी तिला पुरते. आतली ठिणगी काढून टाकलेला, प्रयोगशाळेसाठी बनवलेला फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात ईथर मागवूच नका. आम्ही त्याचे प्रयोग डिसेंबर-जानेवारीत घेतो.

ईथरची वाफ हवेपेक्षा अडीच पट जड असते. ती बेंचवरून वाहत जाऊन पलीकडच्या बेंचवरच्या बर्नरला पोचते. ज्वाळा नसली तरी चालतं. साधारण १६० ते १८० अंशांच्या पृष्ठभागाला लागून ती आपोआप पेटते आणि हॉट प्लेट त्यापेक्षा खूप जास्त तापते. ॲसिटोन तर उणे २० अंशांनाही पेटण्याजोगी वाफ देतं. म्हणून घाईत काचसामान ॲसिटोननं विसळून थेट हॉट एअर ओव्हनमध्ये ठेवण्याची पद्धत बंद करा. आधी उघड्यावर पूर्ण सुकू द्या.

उन्हाळ्यात लिकर अमोनियाची (अमोनियाच्या तीव्र द्रावणाची) बाटलीही सांभाळा. आत दाब साठलेला असतो, झाकण फिरवताच द्रव उसळून तोंडावर येतो. बाटली आधी बर्फाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात) न्या, झाकणावर कापड टाकून हळू उघडा, चेहरा दूर ठेवा.

अपघात झालाच तर

शॉक लागलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन बंद. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडी काठीनं किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनं त्याला वायरपासून वेगळं करा. ११२ किंवा १०८ ला फोन करा. प्रतिसाद नसेल आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाब द्यायला लागा, मिनिटाला १०० ते १२०. प्रशिक्षण असेल तर ३० दाबांनंतर २ श्वास. शुद्धीवर आला, बोलू लागला तरी डॉक्टरांना दाखवाच. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

विजेच्या आगीवर पाणी नको. पुरवठा तोडा, कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं वापरा: पिन ओढा, ज्वाळेच्या मुळाशी नेम धरा, दाबा, डावीउजवीकडे फिरवा. त्याच्या काळ्या भोंग्याला हात लावू नका, तो गोठवणारा थंड होतो.

डोळ्यात काहीही गेलं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. मूल ओरडतं, सोडा म्हणतं. घड्याळ बघत धरून ठेवावं लागतं. ॲसिडवर अल्कली किंवा अल्कलीवर ॲसिड ओतून ‘उतारा’ करू नका, त्यातून उष्णता निघून जखम वाढते. तोंडात गेलं तर चुळा भरायला लावा, उलटी करायला लावू नका.

संध्याकाळची शेवटची फेरी

जो शेवटी कुलूप लावतो त्यानं गॅसची मेन कॉक, पाण्याचे नळ, हॉट प्लेटचे प्लग आणि बेंचवरच्या बाटल्या, या क्रमानं बघायचं. आपल्याकडे लाईट जाते आणि केव्हाही येते, हे धरूनच चला. दुपारी लाईट गेली, मुलं हॉट प्लेट चालूच ठेवून घरी गेली, रात्री अकराला लाईट आली. रिकाम्या खोलीत प्लेट तापायला लागते. म्हणून लाईट गेली की पहिलं काम, सगळ्या गरम होणाऱ्या यंत्रांचे प्लग काढणं.

आणि एखादं काम रात्रभर चालू ठेवायचंच असेल तर यंत्राच्या समोर एक कार्ड उभं करा. आमच्याकडे ते पिवळ्या जाड कागदाचं आहे. त्यावर लिहिलेलं असतं: भांड्यात काय आहे, किती अंशाला, कधीपासून कधीपर्यंत, लाईट जाऊन आली तर चालू ठेवायचं की बंद करायचं, कुठला प्लग ओढायचा, आणि कुणाला फोन करायचा. त्याची दुसरी प्रत पहारेकऱ्याच्या टेबलावर. काका आता निवृत्त झालेत. त्यांच्या जागी आलेला मुलगा रात्री फेरीला गेला की टॉर्चच्या उजेडात आधी ते कार्ड वाचतो, मग पुढे जातो.